अम्मीची बशी दिसते का?

कर्जत, मे महिना

प्रिय फराह,

तुला आणि इक्राला खूप दुआ. आपाचं पत्र बघून घाबरू नकोस, आणि हसूही नकोस. घरात फोन असताना ही बाई कागद काळे का करते, असं तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर काय होतं ते सांगते. मी तोंड उघडायचा अवकाश, तौकीर माझ्या हातून फोन ओढून घेतो, मामू-भाचीच्या गमती सुरू होतात, आणि सुट्टीत इथे यायला टपलेली तुझी लेक पलीकडून ओरडून मला विचारते, खाला, पाणी निळं आहे ना गं? मी हो म्हणते. दर वेळी हो म्हणते, आणि मग दिवसभर मला जेवण जात नाही.

बाकी खबर म्हणशील तर दारचा आंबा यंदा रुसलाय, फणसाने मात्र कहर केलाय. वाडीवरची आवडी अजून कामाला येते आणि अजून माझ्यावरच हुकूम चालवते. आपला भाऊ बंगला शनिवार-रविवार पाहुण्यांना देतो, ते सगळे आवारातल्या पोहायच्या पुलासाठी येतात. त्या पुलाचं पाणी तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विज्ञानाची निवृत्त बाई घरात फुकट मिळाली, सोडतो कशाला!

तर ऐक. उन्हात क्लोरीन टिकत नाही, म्हणून पाण्यात स्टॅबिलायझर नावाची पावडर घालतात. ती क्लोरीनवर सावली धरते. थोडी असली तर बरी. फार झाली की क्लोरीन असून नसल्यासारखं, जंतू मरतच नाहीत. ती मोजायला एक नळी असते, तिच्या तळाला काळा ठिपका. पुलाचं पाणी औषधात मिसळलं की दुधाळ होतं. ते हळूहळू नळीत ओतायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका जिथे दिसेनासा होतो तिथला आकडा वाचायचा. जितका लवकर नाहीसा, तितकं वाईट. होळीच्या सुमारास नळी बरीच भरेपर्यंत तो दिसायचा. आता मी ओतायला घेते न घेते तोच गेलेला असतो.

आणि हा शहाणा काय करतो? पाणी जरा गढूळ वाटलं की क्लोरीनच्या गोळ्या वाढवतो. त्या गोळ्यांतच स्टॅबिलायझर आहे गं, डब्यावर छापलंय! म्हणजे औषध म्हणून रोगच पाजतोय. क्लोरीन उडून जातं, पाणीही उन्हाने आटतं, ही पावडर मात्र तिथेच साचत राहते. सालनात मीठ जास्त पडलं तर ते वेचून काढता येतं का? इथेही तसंच. अर्धं पाणी काढून टाकून नवं भरायचं, दुसरा इलाज नाही. मी हे सांगितलं की तो म्हणतो, आपा, तपासायच्या पट्टीवर क्लोरीन बरोबर दाखवतंय, तू उगाच डोकं खाऊ नकोस. अगदी अब्बांवर गेलाय.

खरं अडलंय ते दुसरीकडेच. बोअर आटली, म्हणजे नवं पाणी टँकरनेच आणायचं. गेल्या उन्हाळ्यात वाडीतल्या बायका हंडे घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या आणि टँकर शिरला आपल्या फाटकात. आवडीने सगळ्यांदेखत त्याला झापलं, शेठ, आमी प्यायला रडतांव नि तुमी पोवायला आणता, लाज नाय वाटत? तौकीरची मान खाली गेली. त्याने तिथल्या तिथे शब्द दिला, यापुढे कुठल्याच उन्हाळ्यात पाऊस लागेपर्यंत पुलासाठी टँकर नाही. तो शब्द त्याने पाळलाय, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण मेल्या, शब्द पाळायचा तर पूल बंद ठेव ना! तेवढं होत नाही त्याच्याने.

पाणी हिरवं नाही, वासही नाही. वरून निळंच दिसतं, फोटोत तर दृष्ट लागेल असं येतं. फक्त त्यात कुणी ताक ओतल्यासारखं झालंय. अम्मीची ती लाल फुलांची बशी मी पाण्यात सोडून पाहिली. दुसऱ्या पायरीखाली गेली आणि दिसेना. अजून तिथेच आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या रविवारी पाहुणे होते. मोठी माणसं काठावर पाय सोडून गप्पा मारत होती, एक चिमुरडी पिवळ्या फ्रॉकमध्ये पायरीवर खेळत होती. मी चहा घेऊन आले तर ती नव्हती. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मी ट्रे टाकला, कपड्यांनिशी उतरले आणि चाचपडू लागले. हाताला केस लागले, फराह. तिच्या बापाचे पाय तिच्या शेजारीच होते. अल्लाहची मेहेरबानी, पोर खोकली, रडली, वाचली. ते लोक गेल्यावर तौकीर माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, फराहला सांगू नकोस, ती इक्राला आणायची नाही. आणि उठून त्याने आणखी गोळ्या टाकल्या.

उद्या तो पनवेलला जातोय. तो गेला की मी आणि आवडी पाणी सोडून देणार आहोत. आवडीला सगळं सांगितलं, तर म्हणाली, सोडा आपा, पोर गेल्यावर पान्याचं काय लोणचं घालायचंय? हे पत्र पोचेपर्यंत तुला तौकीरचा फोन आलेला असेल, आपाचं डोकं फिरलंय म्हणून. कदाचित पाणी अर्धं गेलं असतानाच तो येऊन झडप बंद करील, पुन्हा गोळ्या टाकील, तुला निळ्या पाण्याचे फोटो पाठवील. फोटोंवर जाऊ नकोस. त्याला एवढंच विचार, अम्मीची बशी दिसते का? तो हो म्हणेपर्यंत, आणि मी त्याच्या मागून हो म्हणेपर्यंत, इक्राला आणू नकोस. तिने रडून घर डोक्यावर घेतलं तरी नाही. त्या पोरीचं नाव मला माहीत नव्हतं गं. पाण्यात हात फिरवत मी ओरडत होते ते इक्रा, इक्रा म्हणून.

तुझीच,
सफुरा आपा