खाष्ट सासूचा कीबोर्ड

प्रिय ठकू,

फोन उचलत नाहीस, निरोपाला 'कामात आहे' एवढंच उत्तर येतं, म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र मध्येच कट करता येत नाही.

आईचा गेमिंगचा कीबोर्ड नीट चालत असेल तर मावशीच्या लेकाला देऊन टाका, असं तू सांगितलं होतंस. तेव्हा आधी त्याचा अहवाल. जन्मभर लिफ्ट तपासल्या, मला दुसऱ्या पद्धतीने तपासता येत नाही.

वस्तू दणकट आहे. वजनदार, टेबलावर सरकत नाही. लिफ्टच्या बटणात आम्ही पहिल्यांदा पाहतो ते हे, की दाबणाऱ्याला दाबलं गेल्याचं कळतं का. न कळणारं बटण माणूस उगाच दाबत बसतो. इथे प्रत्येक कळ अर्ध्यावरच 'टक्' म्हणते, बोट टेकवलं तरी पुरे. शिवणकामाने आखडलेली आईची बोटं ध्यानात ठेवून तू हा निवडलास, हे मला आता कळलं. तेव्हा मी फक्त आवाजावरून कुरकुर केली. संध्याकाळी तू तिथून आणि ती इथून खेळायला बसलात की मला बातम्या ऐकू यायच्या नाहीत. तसं म्हटलं की ती ओरडायची, "लांडगे अंगावर आलेत आणि यांना बातम्या हव्यात! मग या की तुम्हीच लढायला!" तिच्या हेडफोनमधून तुझं हसणं मला पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं.

दिवे सर्कशीला शोभतील असे आहेत. तिला तेच आवडायचे. स्पेसबार एका बाजूला झिजून गुळगुळीत झाला आहे, उडी ती डाव्या अंगठ्यानेच मारायची. पुढे जायच्या कळीवर नेलपॉलिशचा जाड ठिपका आहे, चष्म्याशिवायही बोटाला लागावा म्हणून. कळांच्या फटीत दोऱ्याचे तुकडे सापडले. खरं तर साफ करायला हवं होतं. केलं नाही.

ती गेल्यापासून मी त्या टेबलाशी बसलो नव्हतो. यावेळी बसलो ते तपासणीच्या निमित्ताने. बरं वाटलं, हे तुला सांगायला हरकत नाही.

आता पत्राचं खरं कारण. तीन-चार कळा एकदम दाबल्या तर सगळ्या लागतात का, हे पाहायचं राहिलं होतं. ते खेळातच पाहावं म्हणून पडद्यावरच्या तिच्या त्या खेळाच्या चित्रावर क्लिक केलं. पासवर्ड मागितलाच नाही. तुम्ही दोघींनी खेळात बांधलेल्या लाकडी कोटाच्या दारात एक बाई उभी राहिली, डोक्यावर नाव 'खाष्ट सासू'. मी एकेक कळ दाबत गेलो. ती उडाली, खाली बसली, उठली, मग तिने हात हलवला. समोर कुदळ घेतलेली एक पोरगी होती, 'नाठाळ सून' नावाची. ती हातातलं काम टाकून थांबली आणि एकदम नाहीशी झाली. मला वाटलं, खेळातलंच एखादं पात्र असेल. दुसऱ्या दिवशी तू फोन उचलला नाहीस, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाळे, तुला हात केला तो मी. मला ठाऊक असतं तर कळीला बोट लावलं नसतं. आणि तूही तिथे एकटीच जाऊन बसतेस, हे मला ठाऊक नव्हतं. कीबोर्ड उत्तम चालतो, पण देववत नाही. तिच्या नावाने मी पुन्हा आत येणार नाही. माझ्यासाठी तू दुसरं एखादं नाव शोध. लांडग्यांचं मला जमणार नाही, पण कोटाचं फाटक नीट मिटतं की नाही ते बघेन. संध्याकाळी येशील का? बातम्या बंद ठेवीन.

तुझाच,
कोटाबाहेर थांबलेला
बाबा