पुढच्या खोलीतली खाट

धाकट्याच्या आईस,

दुरूनच आशीर्वाद. खोकला थांबलाय, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे?

इथे थोरल्याच्या परदेशात निवडणूक आहे. सूनबाई म्हणाली, "बाबा, इथे लोक थेट अध्यक्षच निवडतात. मुदत संपेपर्यंत तो सहसा हलत नाही." आपल्याकडे आपण निवडून दिलेले लोक पंतप्रधान ठरवतात आणि त्यांचं मन फिरलं की तो घरी बसतो.

तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. घराचा कर्ता म्हणून मला तर कुणी निवडलंच नव्हतं, तुम्ही चालवून घेतलंत. आता माझ्यामागे सगळ्यांनी बसून पुढची खोली धाकट्याच्या दुकानाला दिलीत. विचारलं असतंत तर मीही हो म्हटलं असतं.

रागावलो नाही. माझी खाट कुठे हलवलीत, तेवढं कळव. आणि तेव्हा तूही हात वर केला होतास का, तेही.

तुझा,
अजून घरातलाच