डोळे मिटलेला गोलकीपर

३ मार्च
नणंदेला काय जातंय बोलायला! म्हणे, वहिनी, दादाच्या हातचं चित्र विकू नकोस. म्हटलं, मग ने तुझ्या घरी. तर म्हणते, नको गं बाई, चित्रातला तो गोलकीपर बघतो. वा! तुझ्याकडे बघतो, माझ्याकडे काय डोळे मोडतो? ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, गोलकीपर भिंतीवरच. भुताखेतांना मी मानत नाही. विकायचं ते खोली मोठी दिसावी म्हणून.

५ मार्च
खेळाडूंचे बूट, जर्स्या, चित्रं विकणाऱ्या लिलाववाल्याला फोन केला. हाताने काढलंय की छापील? खेळाडू नावाजलेला? त्याची सही? सही आहे. ह्याच खोलीत बसून केली, चहा दोनदा मागितला. नंतर कुणी हात लावला नाही ना, म्हणाला. छे.

६ मार्च
हात लावला. किरकोळ. केर काढताना पाठीत नजर टोचत होती. दाराचा उरलेला ऑइलपेंट घेतला, त्याच्या डोळ्यांवर मिटलेल्या पापण्या रंगवून टाकल्या. हुबेहूब. कुणाच्या बापाला कळणार नाही.

७ मार्च
आता ऐकतोय. वर टॉवेल टाकला.

११ मार्च
लिलाववाला आला. म्हणाला, ताई, डोळे मिटून हा बॉल कसा अडवणार? म्हटलं, अनुभवी आहे. त्याने मागून लावलेला रंग ओळखायचा निळा दिवा धरला. पापण्यांच्या जागी दोन काळी भोकं. म्हणे रंग परका, असंच ठेवलंत तर मातीमोल. खरवडून खालचे डोळे निघाले तर भाव आहे. म्हटलं, न्या, काढा. मी कुणाला घाबरते?

१६ मार्च
घेऊन आला. डोळे उघडे. म्हणतो चेहरा फोटोशी जुळतो, डोळे नाही. खेळाडू घारा. हे काळे, दमलेले. कुणाचे? चित्रकाराचे स्वतःचे असतील तर भाव दुप्पट, पण घरच्या माणसाने तसं लिहून द्यायला हवं. म्हटलं, मला काय ठाऊक.
ठाऊक आहे. सही झाली तेव्हा डोळे राहिले होते. मागाहून हे आरशात बघून रंगवत बसले. मी म्हटलं, त्या फळकुटाला कोण विचारतंय, उठा, भाजी आणा. ब्रश तसाच ठेवून उठले. माझ्याकडे बघितलं. हेच डोळे.

१७ मार्च
चार वेळा कागद घेतला. 'माझ्या नवऱ्याचे' इथवर जातं, पुढे हात चालत नाही.
शुक्रवारी चित्र न्यायला लिलाववाल्याची गाडी येणार. टॉवेल काढून समोर बसलेय. अहो, सरळ विचारते. जायचंय की राहायचंय? नुसतं बघत बसू नका. गुरुवार संध्याकाळपर्यंत काय ते सांगा.