धोंड्याच्या जेवणाला न आलेला जावई

औंढा नागनाथ,
दि. २२ मे २०२६

ती. मामांस शि. सा. न.

फोनवर बोलले की शब्दन् शब्द घरभर ऐकू जातो, म्हणून तुमच्या शिस्तीप्रमाणे पत्र लिहीत आहे.

लग्नानंतरचा हा आमचा पहिलाच धोंड्याचा महिना. जावयाला जेवायला बोलवावे म्हणून आईने गोरेगावला फोन केला. यांनी जमणार नाही एवढेच म्हणून फोन ठेवला. मी आधीच इकडे माहेरी आलेली. आई सारखी विचारते, आपलं घर लहान हाय म्हणून येऊन राहिले न्हाईत व्हय? थोरले जावई उद्धवराव मात्र दोनदा जेवून गेले, आणि तिसऱ्यांदा यायची त्यांची तयारी आहे.

मला कारण ठाऊक आहे. बी-बियाण्यांच्या दुकानात हे गिऱ्हाइकांशी भरभरून बोलतात. माझ्यापुढे आले की अडखळतात आणि एका शब्दात उत्तर देऊन उठतात. वर्ष उलटून गेले, पण त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. नकोशा माणसाशी बोलताना जीभ अशीच जड होत असावी. महिना संपेपर्यंत ते न्यायला आले नाहीत, तर मी परत जाणार नाही. इथल्याच एखाद्या शाळेत काम शोधेन. कोणाला आपले ओझे कशाला?

मामींना नमस्कार सांगावा.

आपली लाडकी भाची,
जान्हवी


वसमत,
दि. २६ मे २०२६

चि. सौ. जान्हवी हिस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले. मी निवृत्त झालो तरी विज्ञानाचाच शिक्षक. तेव्हा निष्कर्षावर जाण्याआधी उपकरण तपासू.

आमच्या प्रयोगशाळेत एक ताणकाटा होता. काही न टांगताच तो पन्नास ग्रॅम दाखवी. मुले मन लावून वजने करीत, आकडे नीट नोंदवीत, आणि प्रत्येक उत्तर पन्नास ग्रॅमने चुके. गंमत पाहा, जितके काळजीपूर्वक मोजावे तितका त्या चुकीवरचा विश्वास वाढे! याला शून्यत्रुटी म्हणतात. स्वतःविषयी आपण जे मनात धरून बसतो, ते असेच काम करते. समोरच्याचे प्रत्येक वागणे त्या चुकीसकट मोजले जाते.

आता तुझेच उदाहरण घेऊ. शाळेसाठी तू आमच्याकडे राहिलीस, पण दुसरी भाकरी कधी मागितली नाहीस. आपण या घरावर भार आहोत, असे तू धरले होतेस. इकडे तुझ्या मामीने काय धरले? आपल्या हाताला चव नाही! बिचारी ती सगळी वर्षे भाज्या बदलून पाहत होती. दोघींचा एकमेकींवर जीव, आणि दोघी एकमेकींना भिऊन जेवत होतात.

विश्वजीत अडखळतो, हे तू पाहिलेस. ते खरे मानू. तू नकोशी आहेस म्हणून अडखळतो, हे तू पाहिलेले नाहीस, जोडलेले आहेस. खरे कारण मलाही माहीत नाही. म्हणून त्यालाच पत्र टाकून विचारले आहे. मुद्दामच फोन केला नाही. तोवर कुठल्या शाळेत अर्ज देऊ नकोस, आणि आईने वाढला तर पुरणाचा दुसरा धोंडा घे.

मामी बाजूला उभी राहून सांगते आहे, भाजी आवडायची का न्हाई ते एकदाचं कळव म्हणावं.

तुझे कल्याण चिंतणारा,
विश्वंभर मामा


गोरेगाव,
दि. ३१ मे २०२६

ती. मामांस सा. न. वि. वि.

आपण फोन न करता पत्र पाठवलेत, हे फार बरे केलेत. कागदावर माझी जीभ अडकत नाही.

लहानपणापासून मी अडखळत बोलतो. दुकानात निभते, कारण कोणते बियाणे कधी पेरावे, कोणते औषध किती पाण्यात घालावे, ही वाक्ये मला पाठ आहेत. घरात पाठ केलेले चालत नाही. जिच्याशी नीट बोलावे असे मनापासून वाटते, तिच्यापुढेच सर्वांत जास्त अडतो. तिचे नाव तर पहिल्याच अक्षराला बसकण मारते. सकाळी दुकानात एकटा असताना म्हणून पाहतो, तेव्हा सरळ येते. घरी गेलो की येत नाही. म्हणून एका शब्दात उत्तर देतो आणि उठतो.

लग्नात उखाणा घेताना याच नावावर अडलो. रेंज गेली व्हय, असे विचारून उद्धवरावांनी मांडव हसवला. त्याचे मला वाईट वाटले नाही. हसणे सवयीचे आहे. पण त्याच वेळी जान्हवीने मान खाली घातलेली मी पाहिली. असा नवरा मिळाल्याची तिला लाज वाटते, हे मी तेव्हाच ओळखले. धोंड्याच्या जेवणाला पुन्हा तीच पंगत आणि पुन्हा उखाणा. तिला मान खाली घालायला लावण्यापेक्षा मी उद्धट ठरलेला बरा, असे वाटले. तिच्या आईची मात्र माफी मागायची आहे.

एवढे सगळे तोंडाने सांगायला मला अख्खा अधिक महिना पुरणार नाही. हे पत्र तिलाच पाठवून द्यावे, ही विनंती.

आपल्या आशीर्वादाची वाट पाहणारा,
विश्वजीत


गोरेगाव,
दि. १२ जून २०२६

ती. मामांस शि. सा. न.

आधी मामींना सांगा, त्यांची वांग्याची भाजी मला इतकी आवडायची की दुसऱ्या भाकरीसाठी जीव तळमळे.

यांचे पत्र अंगणात उभ्या उभ्याच वाचले. मामा, मांडवात मी मान खाली घातली खरी. पण माझे नाव घेणे यांच्या जिवावर आले, असे मला वाटले होते! लगेच फोन करून सांगितले, की मला तुमची लाज वाटली नव्हती, उखाणा येवो न येवो, तुम्ही या. पलीकडून बराच वेळ काहीच आले नाही. पूर्वीची मी असते, तर फोन ठेवून दिला असता. मग ‘येतो’ आले.

परवा जेवण झाले. यांनी आल्याआल्या आईच्या पायाला हात लावला. उद्धवरावांनी उखाणा मागितलाच, शिवाय धोंडे गार होऊन राहिले, लवकर उरका, असेही बजावले. उखाणा बाजूला ठेवून हे नुसते माझे नाव घेऊ लागले आणि अडले. उद्धवराव मदतीला सरसावले, तोच आईने त्यांच्या ताटात आणखी एक धोंडा वाढून त्यांना गप्प केले. मी मान वर ठेवून यांच्याकडे पाहत राहिले. नाव आले, सबंध आले.

काल आम्ही घरी निघालो. हिंगोलीहून गोरेगावला येताना जीपमध्ये हे माझ्या कानाशी वाकून काहीतरी सांगू लागले आणि पहिल्याच शब्दावर थांबले. एक गाव गेले. एक म्हातारी गाठोडे घेऊन चढली, तिला जागा करून दिली. आणखी एक गाव गेले. मी यांच्याकडे पाहत बसून राहिले. अखेर वाक्य पुरे झाले, की तुझ्या आईला सांगू नको, पण पुरणात गूळ कमी होता.

मी इतकी हसले की सगळी जीप मागे वळून पाहू लागली.

माया आहेच, ती अशीच राहू द्यावी.

आपली,
जान्हवी