तुम्ही झोपला नव्हता, अण्णा

प्रिय अण्णा,

काल संध्याकाळी युनियनच्या लोकांनी तुमच्यासाठी सभा ठेवली होती. तुम्हाला जाऊन वर्ष झालं म्हणून. रेल्वे लाइनीपलीकडच्या त्याच पत्र्याच्या हॉलमध्ये, जिथे तुम्ही दर रविवारी लोकांचे अर्ज घेऊन बसायचात. आईचे गुडघे धरलेत, ती आली नाही. मी गेले. तिथे जे झालं त्यामुळे आज शाळेत रजेची चिठ्ठी पाठवून हे लिहायला बसले आहे. माझ्या चौथीच्या मुलांना वाटत असेल, शारदा टीचर आजारी आहेत. तसंच समजा.

भाषणं झाली. प्रत्येकाने तेच सांगितलं, असा निर्भय आमदार पुन्हा होणार नाही. निर्भय! अण्णा, तुम्ही?

मग मागच्या बाजूला एक म्हातारा उठला. मुनियप्पाचा बाप. यशवंतपूरच्या सूत रंगवायच्या कारखान्यात बॉयलर फुटून जो गेला, त्या मुनियप्पाचा. काठीवर दोन्ही हात ठेवून तो म्हणाला, "मोठा माणूस होता, नाही म्हणत नाही. पण बॉयलर फुटणार हा निरोप त्याच्या घरी आदल्या दिवशी पोचला होता. तो झोपला नसता तर माझा मुलगा आज असता."

एवढं बोलून तो निघून गेला. अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. मी पहिल्या रांगेत होते. बसूनच राहिले.

तुम्हाला घाबरताना माझ्याइतकं कोणी पाहिलं असेल? विधानसौधात सभागृहापुढे बोलायचं असलं की त्या सकाळी तुमच्या पोटात काही राहत नसे. आई इडलीची ताटली पुढे ठेवायची आणि तशीच उचलून न्यायची. स्वयंपाकघरात मला पाटावर बसवून तुम्ही भाषण म्हणून दाखवायचात. कागद धरायला तुम्हाला दोन्ही हात लागायचे. गिरणीत फिटर असताना याच हातांनी तुम्ही लोखंड पेललं होतं ना?

"पुट्टी, घाबरलो की माझी कन्नड बिघडते गं," तुम्ही सांगायचात. दहा पिढ्या इथे कन्नड मुलखात राहूनही घरात आपण मराठी बोललो, आणि धीर सुटला की सभागृहात मधेच एखादा मराठी शब्द तुमच्या तोंडून निसटायचा. पुढच्या बाकांवरचे मागे वळून हसायचे. तुम्ही शेवटच्या बाकावर, खांबाच्या शेजारी. दोन मिनिटं मिळायची, त्यातली अर्धी सभापतींच्या घंटेत जायची.

तरी उठायचात. का उठायचात? मला तेव्हा राग यायचा, अण्णा. आजही थोडा येतो.

गंगम्मा पहिल्यांदा आपल्याकडे आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्या रंगाच्या कारखान्यात ती सूत धुवायची. कोपरापर्यंत हात निळे. तिने सांगितलं, बॉयलर जुना आहे, सांध्यांतून वाफ येते, आणि तपासणीचा माणूस ऑफिसात कॉफी पिऊन सही करून जातो. तुम्ही सभागृहात प्रश्न टाकलात. मालकाची ऊठबस तुमच्याच पक्षातल्या मोठ्यांबरोबर. तुम्हाला बोलावून सांगितलं गेलं, "मागे बसता, मागेच बसा." तुम्ही घरी येऊन आईला हे सांगत होतात आणि मी दाराआडून ऐकत होते.

त्यानंतर तो स्कूटरवाला आला. आठवतो? पांढरा स्वच्छ शर्ट, हातात पेरूंची पिशवी. किती गोड बोलला! आईच्या तब्येतीची चौकशी केली. मग माझ्याकडे बघून तुम्हाला म्हणाला, "मुलगी हुशार आहे सार. शनिवारी लायब्ररीतून एकटीच येते, नाही का? संपिगे रोडने?"

तुम्ही फक्त "सरी, बरं" म्हणालात. तो गेल्यावर तुम्ही पेरू उचलून गायीपुढे टाकलेत आणि कितीतरी वेळ हौदावर हात धूत राहिलात.

त्या दिवसापासून माझं चालणं बदललं. मागे स्कूटर वाजली की मी दुकानाच्या पायरीवर चढून उभी राहायची. कोणी पांढऱ्या शर्टाचा दिसला की रस्ता ओलांडायची. तुम्ही शनिवारी सायकल घेऊन मला न्यायला यायचात, आणि मला कळायचं की आपण दोघंही सारखेच मागे वळून बघतोय. पंधरा दिवस तुम्ही सभागृहात गप्प बसलात. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू!

सोळाव्या दिवशी तुम्ही पुन्हा उठलात. त्या संध्याकाळी मी तुमच्यावर ओरडले, "तुम्हाला माझ्यापेक्षा तो बॉयलर मोठा झाला का?" तुम्ही चपला काढून आत गेलात. अण्णा, एका शब्दाने समजूत काढली असतीत तर? कदाचित पुढचं घडलं नसतं. की हेही मी तुमच्यावर ढकलतेय?

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तरी एकदा माझ्या हाताने लिहू द्या.

दुपारचे तीन वाजले असतील. आई शेजारी पापड लाटायला गेली होती. तुम्ही मागच्या अंगणात सायकलची चेन काढून बसला होतात, हात वंगणाने काळे. दार वाजलं. मी आधी खिडकीतून पाहिलं, स्कूटर नाही ना. गंगम्मा होती. धावत आली होती, पदर घामाने चिकटलेला.

"अण्णा आहेत?"

"नाहीत," मी म्हणाले.

मागून तुमच्या पान्याचा आवाज येत होता, अण्णा. तिने ऐकला असेल. मी दार आणखी थोडं ओढून घेतलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे बघ मगू, नीट ऐक पोरी. वाफ फार झाली की आपोआप उघडते ना, ती झडप त्यांनी तारेने बांधून टाकलीय. माल लवकर हवाय. उद्या सकाळपासून पूर्ण दाबाने चालवणार. मुनियप्पा भट्टीवर आहे, त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. अण्णांना सांग, आजच कोणाला तरी घेऊन या. जरा लवकर."

"सांगते," मी म्हणाले आणि कडी लावली.

तुम्ही आतून विचारलंत, "कोण गं?"

"भाजीवाली."

संध्याकाळभर मी सांगायचं म्हणत होते. जेवताना म्हणत होते. पण सांगितलं तर तुम्ही त्याच पावली निघाला असतात, आणि मला दिसत होती ती फक्त संपिगे रोडवरची स्कूटर. बॉयलर मला दिसतच नव्हता. बॉयलर कसा असतो हेच मला माहीत नव्हतं.

सकाळी आठला तुम्ही कॉफी घेत होतात तेव्हा सांगितलं. म्हणाले, "काल दुपारी गंगम्मा आली होती. तुम्ही झोपला होतात, म्हणून उठवलं नाही." आणि निरोप सांगितला.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एकदाच. मग कप खाली ठेवून सायकल काढलीत. यशवंतपूरच्या फाटकाशीच तुम्हाला पळत येणारे लोक भेटले. अर्धा तास आधी फुटला होता.

दोघी बायका भाजल्या, पण वाचल्या. मुनियप्पा वाचला नाही. बावीस वर्षांचा होता. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा.

त्या आठवड्यात कारखान्यातून सांगण्यात आलं की आगाऊ सूचना कोणी दिलीच नव्हती, भट्टीवाल्याच्याच हातून चूक झाली. मेलेल्या माणसावर! तुम्ही बोलायला उठलात तेव्हा मी वर प्रेक्षकांच्या सज्जात होते. मला न्यायचं नाही असं आईने सांगितलं होतं. पण घरी एकटी ठेवायलाही तुम्ही भीत होतात.

तुम्ही म्हणालात, "सूचना दिली गेली होती. झडप बांधल्याचं मुनियप्पाने सांगितलं, आणि तो निरोप आदल्या दिवशी माझ्या घरी पोचला. मी..." इथे तुमची कन्नड सुटली. अख्ख्या सभागृहात मराठीत ऐकू आलं, "मी झोपलो होतो." मग सावरून तुम्ही तेच कन्नडमध्ये पुन्हा म्हणालात.

मी कठडा घट्ट धरला. तुम्ही झोपला नव्हता. वंगण तीन दिवस तुमच्या नखांत होतं. माझं खोटं तुम्ही जसंच्या तसं उचलून सगळ्या राज्यासमोर स्वतःच्या अंगावर घेतलंत. की तुम्हाला खरंच वाटलं, आपला डोळा लागला असेल? इतकी वर्षं मी त्या शंकेला धरून जगले. ती शंका मला हवी होती.

मुनियप्पावरचा ठपका गेला. त्या वर्षी बॉयलरांची तपासणी खरोखरची झाली, हेही खरं. पण तुमचं नाव पडलं ते पडलंच, 'झोपलेला आमदार'. बाजारात पोरं डोळे मिटून घोरल्याचा आवाज काढायची. पुढच्या निवडणुकीला पक्षाने तिकीट दिलं नाही. तुम्ही तरीही दर रविवारी हॉलमध्ये बसत राहिलात, अर्ज लिहून देत राहिलात. आणि मी? मी शिकले, नोकरीला लागले, संपिगे रोडवरून रोज जात-येत राहिले. तुमच्या छातीत कळ आली त्या सकाळीही तुमचा हात माझ्या हातात होता, आणि तेव्हाही मी बोलले नाही.

काल सभेनंतर गंगम्माने मला हॉलबाहेर नळापाशी गाठलं. आता केस पिकलेत तिचे.

मी विचारलं, "अक्का, तुम्ही इतकी वर्षं कोणाला का सांगितलं नाहीत? दारात तर मी होते."

ती म्हणाली, "तुझ्या अण्णांनी हात जोडले होते माझ्यापुढे. मुनियप्पाला पोचवून आलो त्याच दिवशी. म्हणाले, 'पोर घाबरली. तिचं नाव कुठे येऊ देऊ नकोस.' मी शब्द दिला. पण ते गेले आता. आणि तो म्हातारा वाईट बोलतोय त्यांना. मी किती दिवस ऐकायचं?"

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मग मला एकदाही का विचारलं नाहीत, अण्णा? रागावला असतात, मारलं असतंत तरी चाललं असतं! तुम्ही मला वाचवलंत की एकटं सोडलंत, हे मला अजून ठरवता येत नाही.

मी गंगम्माला सांगितलंय, या रविवारी मुनियप्पाच्या घरी जायचं. ती म्हणाली, "येते मी. पण बोलायचं तू." तो म्हातारा काय करेल कोण जाणे. हाकलून देईल, शिव्या देईल, काठी उगारेल. शाळेत कळलं तर कोण आपली मुलं माझ्या हाती ठेवील? रविवार अजून तीन दिवस लांब आहे आणि तीन दिवसांत मी स्वतःला किती कारणं सांगू शकते, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत!

तरीही शब्द देते, अण्णा. जाईन. आजारी पडणार नाही, आईचे गुडघे पुढे करणार नाही, गंगम्माच्या मागे उभी राहणार नाही. त्याच्यासमोर खाली बसेन. पहिलं वाक्य कन्नडमध्ये ठरवून ठेवलंय, सकाळपासून ते मोठ्याने म्हणतेय, "अज्जा, त्या दिवशी दार मी उघडलं होतं."

पुढचं तिथे जमेल तसं.

तुमची,
पुट्टी