चिंचेखालचा वर्ग

गुंजी, माघ, शके १८५७

प्रिय केशव,

परवा मी तुझ्या गावी येऊन गेले. गावाची वेस दिसत होती, तरी माघारी फिरले.

मास्तरकीत काही अर्थ वाटत नाही, बेळगावच्या कोर्टात कारकुनी मिळतेय, असं तू लिहिलंस. म्हटलं, समोर बसून बोलावं. तुला आवडतात ते नाचणीचे लाडू बांधून घेतले, संकेश्वरावरून निपाणीच्या मोटारीनं आले आणि पुढं चालत निघाले.

गावाबाहेर तंबाखूच्या शेताकडेला, चिंचेखाली पाटी-दप्तर घेतलेली पोरं बसली होती. शाळा सोडून इथं कशी, म्हणून विचारलं. नागू नावाची मुलगी खुशीत म्हणाली, "आज दिपोटीसाहेब शाळा तपासाय आल्यात न्हवं! आमास्नी वाचाय येत न्हाय, म्हणून मास्तरांनी हितं दडून बसाय सांगितलंय." दुसरी म्हणाली, "आमच्या जाग्याव पल्याडच्या गावची हुशार पोरं आणून बसीवल्यात. पर आमचं मास्तर लई चांगलं, मारत न्हाईत." आणि सगळी हसली. केशव, त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं रे! मी तिथंच मातीत बसले.

तुझे आप्पा तपासणीच्या दिवशी सगळ्यात कच्ची पोरं पुढच्या रांगेत बसवायचे. शेरा दरवेळी वाईट यायचा. मी चिडले की म्हणायचे, "अगं, ज्याला येतंय त्याला मास्तर कशाला लागतोय?" संध्याकाळी तीच पोरं आपल्या पडवीत यायची. आत तांदूळ निवडता निवडता मी दाराआडून अक्षरं उचलली. बायकोलाही शिकवावं, हे काही आप्पांना सुचलं नाही. त्या कच्च्या पोरांच्या जिवावर मी वाचायला लागले. त्यातला भरमू, ज्याला वर्षभर 'ग'सुद्धा काढता येईना, तो आता इथल्या ठेसनात सांधेवाला आहे आणि गाडीची वाट बघणाऱ्यांना पेपर वाचून दाखवतो. आप्पा वाईट शेरा घेऊनही घरी हसत यायचे, ते का, हे मला परवा त्या मातीत बसल्यावर कळलं. तू अर्थ कुठं शोधत होतास? ज्यांच्यात होता, त्यांना तर चिंचेखाली धाडलंस.

लाडू मी त्या पोरांना वाटले. खाता खाता नागूनं विचारलं, "आज्जी, तुमी कुणाच्यात आलाय?" तुझं नाव ओठावर आलं होतं. म्हणाले, "कुणाच्यात न्हाय गं, वाट चुकले." आधी मास्तरांची बायको, आप्पा गेल्यावर मास्तरांची आई, एवढीच काय ती माझी ओळख. ती मला त्या पोरीपुढं सांगवली नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. कोर्टात खुशाल जा, मी अडवणार नाही. पण त्याआधी नागूला वाचायला शिकव, पुढच्या रांगेत बसव आणि मला बोलावून घे. त्या पोरीला खरं उत्तर द्यायचं राहिलंय.

तुझीच,
आई