कोणत्या जनावराला कितवा नंबर

२८ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

निवडणुकीपुरती पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक आज परत आणली. माझ्या वडिलांची, आप्पांची बारा बोअर, दोन नळ्यांची. हवालदाराने विचारलं, बाई, एवढं वजन झेपंल का. मी म्हटलं, छत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत सायन्स शिकवलंय, आठवी ब झेपली, ही काय. त्याने सहीचं रजिस्टर पुढं केलं.

निश्चय: संक्रांतीच्या आत अक्कलकोट रोडच्या शेतातली रानडुकरं संपवायची. पाऊण एकर ज्वारी लोळवली आहे.

१ डिसेंबर, रविवार

आप्पांची शिकारीची वही काढली. शाई फार फिकी पडली आहे. भिंगाने वाचून तक्ता नव्याने लिहिला, जाड मार्करने. लाव्याला आठ नंबरचं काडतूस, छर्रे मोहरीएवढे. तित्तराला सहा. सशाला चार. कोल्ह्याला बीबी. हरणाला एसजी. रानडुकराला एलजी, छर्रे वाटाण्याएवढे.

वनखात्याचा परवाना फक्त रानडुकराचा आहे, बाकी सगळं बंद. पण माहिती पूर्ण असावी. आमच्या लिंगायताच्या घरात अंडंसुद्धा शिजलं नाही, तरी आप्पांना नंबर तोंडपाठ होते.

शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलंय: आधी ओळखावे, मग नेम धरावा. मला हे सांगायला नको. बी.एस्सी. झूलॉजी, १९७५.

३ डिसेंबर, मंगळवार

शरणप्पाच्या बंदुकीच्या दुकानात गेले. खरं तर मला ३१५ ची रायफल हवी आहे. तो म्हणाला, मॅडम, रायफलची गोळी मैलभर जाते, डुकरामागं कोण उभं हाय ते दिसायला पायजे. मी म्हटलं, मला दिसतं. तरी लायसन्सवर आधी नोंद लागते म्हणे. अर्ज केला.

तोपर्यंत दहा एलजी, डुकरासाठी. पाच आठ नंबर, नेमाच्या सरावासाठी. दोन्ही लाल. नंबर टोकावर बारीक छापतात. घरी दोन डब्यांत भरून ठेवली.

५ डिसेंबर, गुरुवार

स्कूटर गेटच्या खांबाला लागली. खांब रंगवायला हवा होता.

पुण्याहून चंद्रिकाचा फोन. आई, डोळ्यांचं ऑपरेशन किती पुढं ढकलणार. डॉक्टरने म्हणे तिलाही कळवलंय, दोन्ही मोतीबिंदू पिकलेत. त्या डॉक्टरचा तक्ता मी पाहिला आहे. खालच्या चार ओळी फिक्या छापल्यात. अशा तक्त्यावरून निदान करतात. मुलीला सांगितलं, संक्रांतीनंतर बघू. ती म्हणाली, मग निदान काडतुसांवर मार्करने खुणा कर. मी वजनावरून ओळखते.

८ डिसेंबर, रविवार, सकाळी ११

तक्ता शेतातल्या खोलीत भिंतीवर लावला. बिरप्पा आणि केराबाई बारा वर्षं आमचं शेत बघतात, त्यांनाही चार गोष्टी कळाव्यात. वीस मिनिटं समजावलं. बिरप्पा म्हणाला, डुकराला कुटं नंबर कळतोय, बाई. केराबाई हसत म्हणाली, आन बाईमानसाला कितवा वो. मी म्हटलं, फालतू प्रश्न विचारू नयेत.

१२ डिसेंबर, गुरुवार

नेमाचा सराव. वीस पावलांवर तेलाचा डबा. आठ नंबरची पाच काडतुसं उडवली. पाचही लागली असावीत. बिरप्पा म्हणाला, डबा हाय तितंच हाय की. त्याला बारकावे कळत नाहीत.

डब्यामागे बऱ्याच लांब पाण्याची प्लास्टिकची टाकी आहे. तिला बोट जाईल एवढी दोन भोकं पडली. मोहरीएवढ्या छर्र्यांनी एवढी भोकं, म्हणजे ते एकत्र गेले असणार. शास्त्रीयदृष्ट्या नोंद घेण्यासारखं.

खांदा दुखतो. अपेक्षित होतं.

१५ डिसेंबर, रविवार

पहिलं डुक्कर दिसलं. बांधावर, दुपारी तीनला, भलं मोठं. पाऊण तास हललं नाही. मीही हलले नाही. शेवटी बिरप्पा येऊन त्यावर बसला आणि बिडी पेटवली. पाईपचं काळं वेटोळं होतं. तिथं ठेवलंच कशाला? त्याला चांगलं झापलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

केराबाईला खोकला झालाय. दोन दिवस बघतेय, ज्वारीत शिरली की सारखी खोकते, बाहेर आली की थांबते. ज्वारीच्या फुलोऱ्याची ॲलर्जी असणार. गोळ्या नेऊन दिल्या. बिरप्पा म्हणाला, तिचा खोकला गोळ्यांनी जायाचा न्हाय बाई, बंदूक घरी ठिवली तर जाईल. गावठी विनोद.

खोकल्याने डुकरं बुजतात. आजपासून ज्वारीत खोकायचं नाही असं स्पष्ट सांगितलं.

२२ डिसेंबर, रविवार

केराबाई मोबाईलवर गाणी लावून खुरपत होती. बंद करायला लावली. लाल लुगडं नेसून आली होती, तेही नको म्हटलं, लांबून उठून दिसतं. काळी घोंगडी घे. ती म्हणाली, बाई, दिसावं म्हनूनच नेसलिया. हट्टी आहे.

२६ डिसेंबर, गुरुवार

सोमवारी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. दरवर्षी कडब्याची कोपी, म्हणजे लहान झोपडी, करून पाच पांडव पुजायचे, मग आंबील शिंपत शेताला फेरी घालायची आणि मोठ्याने आरोळ्या द्यायच्या. यंदा आरोळ्या बंद. महिनाभराची मेहनत वाया जाईल. बिरप्पा म्हणाला, येळवशीला मुक्यानं फिरलेलं शेताला चालत न्हाय. मी म्हटलं, मला चालतं. केराबाई घोंगडी घेऊन खुरपायला गेली.  बहुधा पटलं.

३० डिसेंबर, सोमवार, सकाळी १०

येळवस. उत्तम ऊन. दोन्ही नळ्यांत एलजी. वजनावरून खात्री केली. जेवायला चार वाजता बसू असं कळवलंय. डुक्कर आज नक्की. ज्वारी हलतेय.

३० डिसेंबर, संध्याकाळी ६

अकरा वाजून पाच मिनिटांनी साठ पावलांवर काळं, वाकलेलं जनावर ज्वारीच्या कडेने आलं. दोन पावलं टाकायचं, थांबायचं, जमीन हुंगायचं. अगदी पुस्तकात दिल्यासारखं. मी ओळखलं, मग नेम धरला, आणि बार काढला.

ते उठून उभं राहिलं. हातात आंबिलीचा तांब्या होता.

३१ डिसेंबर, मंगळवार

केराबाई शुद्धीवर आहे. डॉक्टरने डाव्या हातातून आणि खांद्यातून अकरा छर्रे काढले. बाकीचे घोंगडीत अडकले. वाटीत घालून दाखवले. मोहरीएवढे.

चंद्रिका सकाळी आली. दोन्ही डबे पालथे करून एकेक काडतूस वाचलं. सरावाच्या डब्यात पाच एलजी उरलीत. डुकराच्या डब्यात आठ नंबरची तीन, दोन मी बंदुकीत भरली होती. सरावाला मी एलजी उडवली होती. टाकीची भोकं वाटाण्याची होती.

चंद्रिका म्हणाली, आई, तुला नीट दिसलं असतं तर ती आज नसती. मग म्हणाली, तुला नीट दिसलं असतं तर तू बार काढलाच नसतास. मुलगी असं गोल गोल बोलते.

१ जानेवारी २०२५, बुधवार

पोलीस ठाणं. बिरप्पाने जबाब दिला: बंदूक पुसताना उडाली, बाईंची चूक न्हाय. माझ्याकडे न बघता दिला. दुसऱ्याचं बघून लिहिणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं करत असे. हवालदाराने माझा जबाबही तसाच लिहून समोर ठेवला. जवळ धरला, लांब धरला. चष्मा डोळ्यांवरच होता. हवालदाराने बोट ठेवलं तिथे सही केली.

बंदूक पुन्हा ठाण्यात जमा केली. रायफलचा अर्ज मागे घेतला.

२ जानेवारी, गुरुवार

ऑपरेशन नऊ तारखेला. उजवा डोळा आधी.

चंद्रिकाने शेतावर नेलं. केराबाई खोलीत भिंतीला टेकून बसली होती, हाताला बँडेज. मी शहाळी नेली होती. तिने विचारलं, आता खोकू का वो बाई. मी हो म्हटलं. मग म्हणाली, मी इचारलं तवा तुमी सांगितलं न्हाय, आता घावलं. बाईमानसाला आठ. तेवडं तुमच्या कागदावर लिवून टाका.

तक्ता समोरच्या भिंतीवर होता, मीच लावलेला, जाड मार्करने लिहिलेला. मी बराच वेळ तिकडे पाहिलं. कागद पांढरा होता.